दिवस गेलेत, फिटच्या गोळ्या घेऊ की बंद करू?

प्रश्न: डॉक्टरताई, मी नंदनवनला राहते. वय २७, खासगी शाळेत शिकवते. दहावीत असताना मला पहिली फिट आली. तेव्हापासून सोडियम व्हॅल्प्रोएटची ५०० मिलिग्रॅमची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे. तीन वर्षांत एकही फिट नाही. लग्नाला दीड वर्ष झालं. आता पाळी चुकून दोन आठवडे होत आले, घरी तपासलं तर दिवस गेलेत. त्याच रात्री मोबाइलवर वाचलं की या गोळीने बाळात व्यंग येतं. सासूबाई म्हणाल्या, "काहून खातेस त्या गोळ्या, लेकरू लुळंपांगळं होईन." चार दिवस झाले, गोळी बंद केली आहे. मागच्या महिन्यात दाढ दुखत होती म्हणून आयब्युप्रोफेनही दोन-तीनदा घेतलं होतं. वहिनी म्हणते, पाडून टाक, पुढच्या वेळी बघू. शेजारच्या काकूंनी मुलगा व्हावा म्हणून एक पुडी आणून दिली आहे, दुधातून घ्यायची. मला रात्र रात्र झोप नाही. माझ्यामुळे बाळाचं वाईट झालं का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर:

ताई, तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी तुम्हाला चार ओळी पाठवल्या होत्या. आजच्या आज न्यूरोलॉजिस्टना, म्हणजे मेंदूविकाराच्या डॉक्टरांना, फोन करा, चार दिवस गोळी घेतलेली नाही हे स्पष्ट सांगा; तोवर गाडी चालवू नका, घरी एकट्या राहू नका, बाथरूमची कडी लावू नका. दुसऱ्या दिवशी तुम्ही धंतोलीला त्यांच्याकडे जाऊन आलात, डॉक्टरांनी डोस कमी करून गोळी पुन्हा सुरू केली आणि जोडीला फॉलिक ॲसिडची ५ मिलिग्रॅमची गोळी दिली, असं तुम्ही कळवलंत. वाचून हायसं वाटलं. आता बाकीचं सविस्तर लिहिते. तुमच्या परवानगीने हे छापतेय, कारण तुम्ही ज्या रात्री काढल्यात तशा रात्री काढणाऱ्या मुली माझ्या ओपीडीत येतच असतात.

आधी त्या बंद केलेल्या गोळीबद्दल. फिटचं औषध एकदम सोडलं की दबून राहिलेल्या फिट उसळून येऊ शकतात, आणि त्या पूर्वीपेक्षा मोठ्याही असू शकतात. मोठी फिट आली की बाईचा श्वास अडतो, बाळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो, पोटावर पडण्याची भीती असतेच. कधी कधी एकामागून एक फिट येत राहतात, थांबतच नाहीत. त्यात आईचा जीव जाऊ शकतो. गर्भारपणात अपस्माराच्या बाईला सर्वांत मोठा धोका आवाक्याबाहेर गेलेल्या फिटचा असतो. त्यामुळे गोळी बदलायची, कमी करायची की थांबवायची, यातली कोणतीही गोष्ट घरच्या घरी ठरवायची नाही. सासूबाईंनी नाही, मोबाइलने नाही, आणि तुम्हीही नाही.

तरी सासूबाईंची भीती मी उडवून लावणार नाही. व्हॅल्प्रोएट हे गर्भासाठी जोखमीचंच औषध आहे. कोणतंही औषध न घेणाऱ्या बायांच्याही शंभर बाळांपैकी दोन ते तीन बाळांत काही ना काही मोठं जन्मजात व्यंग असतं. व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या पोटी हा आकडा शंभरात दहाच्या आसपास जातो. डोसवर पुष्कळ अवलंबून आहे. दिवसाला ६५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर साधारण सहा, आणि १४५० च्या वर गेला की शंभरात पंचवीसच्या घरात. तुमचा डोस १००० होता, म्हणजे मधला. मणक्याची नळी नीट न मिटणं, ज्याला स्पायना बिफिडा म्हणतात, ते शंभरातल्या एक-दोन बाळांत दिसतं. हृदयाला छिद्र, टाळू फाटणं, हातापायांतले दोष हेही त्यात येतात. याशिवाय पुढे बोलणं उशिरा येणं, शिकायला जड जाणं, स्वमग्नता अशा अडचणी शंभरातल्या तीस ते चाळीस मुलांत आढळल्या आहेत. हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, मला कळतं. पण तुम्ही शिक्षिका आहात, आणि अर्धवट वाचून चार रात्री जागल्या आहात, म्हणून पूर्ण सांगते. दहा बाळांत मोठं व्यंग येतं याचा अर्थ नव्वद बाळांत येत नाही.

आता आठवड्यांचा हिशोब नीट समजून घ्या, कारण सगळा खेळ त्यावर आहे. डॉक्टर गर्भारपण मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. पाळी चुकते त्या दिवशीच चार आठवडे मोजले जातात. दोन आठवडे चुकली म्हणजे सहा. गर्भ राहिल्यापासून मात्र तेव्हा चारच आठवडे झालेले असतात, आणि मेंदू-मणक्याची नळी मिटते ती गर्भ राहिल्यापासून साधारण २८ व्या दिवसापर्यंत. म्हणजे तुम्ही घाबरून गोळी टाकलीत त्या सुमारास ती नळी मिटून झाली होती किंवा मिटत आली होती. गोळी बंद करून मणक्यापुरता फारसा काही फायदा होणार नव्हता, आणि फिटचं संकट मात्र दारात आलं होतं. हृदय, हातपाय, टाळू यांची घडण अजून काही आठवडे चालते. मेंदूची वाढ तर नऊ महिने आणि त्यानंतरही चालूच राहते. म्हणून डॉक्टरांनी डोस खाली आणला. पुढे ते लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरासिटामसारखं, गर्भाला बरंच सुरक्षित ठरलेलं औषध आणण्याचा विचार करतील, किंवा तुमच्या फिटच्या प्रकाराला फक्त व्हॅल्प्रोएटच लागू पडत असेल तर कमीत कमी डोसवर ठेवतील. दोन्हींमागे कारण असतं. ते विचारा. विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

फॉलिक ॲसिड न चुकता घ्या. मात्र त्याने व्हॅल्प्रोएटचा सगळा धोका पुसला जातो असा समज नको.

औषधाने गर्भाला इजा होते हे जगाला फार मोठी किंमत मोजून कळलं. पश्चिम जर्मनीत १९५७ मध्ये थॅलिडोमाइड नावाची झोपेची गोळी बाजारात आली, चिठ्ठीशिवाय मिळायची. निर्धोक म्हणून तिची जाहिरात होती, आणि गरोदर बायका मळमळीवर ती घेऊ लागल्या. वार (प्लॅसेंटा) सगळं वाईट गाळून घेते, बाळापर्यंत काही जात नाही, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. मग हातपाय नसलेली, खांद्यालाच पंजा फुटल्यासारखी बाळं जन्माला येऊ लागली. जर्मनीतले विदुकिंद लेन्त्स आणि ऑस्ट्रेलियातले विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांनी १९६१ मध्ये धोक्याची घंटा वाजवली, त्या वर्षाअखेर जर्मनीत गोळी मागे घेतली गेली. तोवर जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं बाधित झाली होती. अमेरिकेत फ्रान्सेस केल्सी नावाच्या अधिकारी बाईंनी कंपनीचा तगादा सोसून परवानगी अडवून धरली, म्हणून तिथली असंख्य बाळं वाचली. इतक्या वर्षांनी हे सांगायचं कारण एकच. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर साधारण ३४ व्या ते ५० व्या दिवसात घेतलेली गोळी अवयव बिघडवत होती. त्याआधी किंवा त्यानंतर घेतलेल्या गोळीने ती ठरावीक व्यंगं बहुधा येत नव्हती. कोणतं औषध, किती डोस आणि कोणता दिवस, या तिन्हींचा मेळ बसला की इजा होते. 'गरोदरपणात गोळी घेतली' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. थॅलिडोमाइड आजही वापरात आहे. कुष्ठरोगातल्या एका तीव्र रिॲक्शनवर आणि मल्टिपल मायलोमा या कर्करोगावर ते देतात. आपल्या विदर्भात कुष्ठरोग अजून आहे, तेव्हा घरात कुणाला ते चालू असेल तर दिवस राहू शकणाऱ्या बाईने त्या पाकिटापासून लांब राहावं.

तुमच्या दाढदुखीच्या गोळ्यांचं उत्तर सोपं आहे. सुरुवातीच्या दिवसांत दोन-तीनदा घेतलेल्या आयब्युप्रोफेनने व्यंग येतं असं दाखवणारा ठोस पुरावा नाही. इथून पुढे मात्र घेऊ नका. विसाव्या आठवड्यानंतर त्याने बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येऊन गर्भजल कमी होतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक वाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते. दुखलं, ताप आला तर पॅरासिटामॉल. ताप अंगावर काढू नका. सुरुवातीच्या आठवड्यांतला जोराचा ताप स्वतःच मणक्याच्या व्यंगाचा धोका वाढवतो. बरं झालं, तुम्हाला गोळीचं नाव तरी माहीत होतं. आपल्याकडे दुकानदार पाकीट कात्रीने कापून दोन गोळ्या हातात ठेवतो आणि नाव असलेला तुकडा दुकानातच राहतो. मग ओपीडीत बाई सांगते, "पांढरी होती, मोठी होती." पाकीट अख्खं घ्या, नाहीतर नावाच्या बाजूचा तुकडा मागून घ्या. कंपनीच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचं खरं नाव असतं, मला ते लागतं. आणि पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ती गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायचीच नाही.

ती पुडी फेकून द्या. आज. मुलगा की मुलगी हे गर्भ राहतो त्या क्षणी, वडिलांकडून आलेल्या बीजाने ठरून जातं. दुसऱ्या महिन्यात दुधातून काहीही घेतलं तरी त्यात फरक पडायचा नाही. नुकसान मात्र होतं. हरियाणात अशा 'पुत्रप्राप्ती'च्या औषधांचा अभ्यास झाला, त्यांत हार्मोनसारखं काम करणारे घटक आणि जड धातू सापडले, आणि ती घेणाऱ्या आयांच्या बाळांत व्यंगांचं प्रमाण जास्त दिसलं. 'झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतं' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता राग येतो. व्हॅल्प्रोएटवर निदान नाव, डोस आणि इशारा छापलेला असतो. पुडीवर काय लिहिलंय? काकूंना दुखवायचं नसेल तर डॉक्टरांनी बंदी घातली म्हणून सांगा, माझं नाव घ्या.

वहिनी म्हणतात तसं पाडायचं का? गोळी घेतली, एवढ्या कारणावरून लगेच निर्णय घ्यायची गरज नाही. बघायला वेळ आहे, साधनं आहेत. ११ ते १४ आठवड्यांत पहिली मोठी सोनोग्राफी होते, मेंदू-कवटीचे गंभीर दोष बहुतेक वेळा तेव्हाच दिसतात. १५ ते २० आठवड्यांत रक्तातली एएफपी तपासणी करता येते, तिच्यातून मणक्याच्या दोषाचा अंदाज येतो. १८ ते २० आठवड्यांत सविस्तर ॲनॉमली स्कॅन, त्यात मणका मणका मोजून बघतात. आणि बाळाच्या हृदयासाठी वेगळा फीटल इको. व्हॅल्प्रोएट चालू होतं हे सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना आधीच सांगा, ते मणका, ओठ-टाळू आणि हृदय जास्त बारकाईने बघतील. पुढे मुलाच्या शिकण्या-बोलण्यात काय अडचण येईल हे मात्र कोणत्याही सोनोग्राफीत दिसत नाही. त्यासाठी जन्मानंतर बालरोगतज्ज्ञांकडे नेमाने वाढ तपासून घ्यावी लागेल. समजा मोठा दोष दिसलाच, तर २०२१ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे: २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि गर्भात गंभीर दोष असेल तर त्यानंतरही मेडिकल बोर्डाच्या परवानगीने गर्भपात करता येतो. संमती लागते ती फक्त तुमची. नवऱ्याची नाही, सासरची नाही. ठेवायचं ठरवलं तरी तो निर्णय तुमचाच, आणि त्यातही डॉक्टरांनी तुमच्यामागे उभं राहायला हवं.

खासगीतला खर्च झेपत नसेल तर मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, सुपर स्पेशालिटीत मेंदूविकाराची ओपीडी आहे. बाळंतपणासाठी मेडिकल, मेयो, डागा, मिहानचं एम्स, या सरकारी रुग्णालयांतलं जवळचं बघा. नाव एका ठिकाणी घाला, आणि दोन्हीकडच्या डॉक्टरांचे कागद एकाच फाइलमध्ये ठेवा.

'माझ्यामुळे' हा शब्द तुमच्या पत्रात आला, तो मला फार लागला. तुम्ही बारा वर्षं नेमाने गोळी घेतली म्हणून धडधाकट राहिलात, शिकलात, नोकरीला लागलात. चुकलं ते दुसरीकडे. दर काही महिन्यांनी तीच चिठ्ठी पुन्हा लिहून देताना, मुलगी मोठी झालीय, लग्न ठरतंय, आता हे औषध बदलायला हवं, असं कुणीतरी बोलायला हवं होतं. दुसरं औषध चालणार असेल तर दिवस राहू शकणाऱ्या मुलींना व्हॅल्प्रोएट सुरूच करू नये, हे आता जगभर मानलं जातं. तरी तेच पाकीट वर्षानुवर्षं चालू राहतं. फिटची गोष्ट सासरपासून लपवायची आपल्याकडे रीत आहे, त्यामुळे मुलगी विचारायलाही धजत नाही. हिंदू विवाह कायद्यातून अपस्मार हे कारण १९९९ मध्येच काढून टाकलं आहे, फिट येतात म्हणून लग्न मोडता येत नाही. ज्या आयांच्या घरी फिटची गोळी घेणारी दहा-बारा वर्षांची किंवा लग्नाच्या वयाची मुलगी आहे, त्यांनी पुढच्या वेळी डॉक्टरांना हा प्रश्न स्वतःहून विचारा. बदल करायला महिने लागतात, म्हणून तो दिवस राहायच्या आधी करावा लागतो.

हेच बाकीच्या काही औषधांनाही लागू आहे. मुरुमांवरची आयसोट्रेटिनॉइन कॅप्सूल: ती चालू असताना दिवस राहिले तर कान, हृदय, मेंदूत मोठे दोष येण्याचं प्रमाण फार आहे, थांबवल्यावर किमान एक महिना तरी दिवस राहू द्यायचे नाहीत. कॉलेजातल्या मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती दुकानातून आणतात, हे थांबायला हवं. ब्लडप्रेशरची टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल ही गर्भारपणात बाळाची मूत्रपिंडं बिघडवतात, त्याऐवजी लॅबेटालॉल, मिथाइलडोपा देता येतात. रक्त पातळ करणारी वॉरफरिन, सांधेदुखीची मेथोट्रेक्सेट याही त्याच यादीत. आणि आपल्या पूर्व विदर्भात घरोघरी असलेला सिकलसेल हा रक्ताचा आजार. त्यावरची हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर बाळाचा विचार सुरू केला की आधी डॉक्टरांना भेटा, सहसा काही महिने आधी ती थांबवतात आणि त्या काळात प्रकृतीवर जास्त लक्ष ठेवतात. उलट थायरॉइडची गोळी, दम्याचा पंप, इन्सुलिन, टीबीचं औषध हे घाबरून बंद करणाऱ्या बाया जास्त नुकसान करून घेतात. आईची साखर वाढलेली असेल तर ती साखरच व्यंगाला कारण होते. तंबाखू-सुपारीचा खर्रा खात असाल तर तो मात्र आजच सोडा, त्याने बाळ वजनाने बारीक राहतं.

आता सासूबाईंचं. पुढच्या तारखेला त्यांना सोबत न्या. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की उरलेलं अर्धं त्या ऐकतील. फिट आली तर काय करायचं हेही त्यांना तिथेच शिकू द्या: कुशीवर वळवायचं, मानेजवळचे कपडे सैल करायचे, फिट किती वेळ चालली हे घड्याळात बघायचं. कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. उलट्यांमुळे गोळी बाहेर पडली तर लगेच डॉक्टरांना विचारा. डॉक्सिलामिन आणि पायरिडॉक्सिनची उलटीची गोळी चालते, ती चिठ्ठीवर लिहून घ्या.

बाळंतपणानंतर डोस पुन्हा तपासावा लागेल. अंगावर पाजायला या गोळीची सहसा आडकाठी नसते. जागरण मात्र फिटला आमंत्रण देतं, म्हणून रात्रीचं एक पाजणं काढून ठेवलेल्या दुधावर सासूबाईंनी किंवा नवऱ्याने उरकायचं, हे आत्ताच घरात ठरवून टाका. बाळाला मांडीवर घेऊन एकटीने अंघोळ घालू नका, आणि पाजताना पलंगापेक्षा खाली गादीवर बसा. दुसऱ्या बाळाचा विचार मनात आला, तर आधी धंतोलीची तारीख घ्या.